निश्चयाची बैठक

मी बाथरूममध्ये पडले तेव्हा हे पलीकडच्या खोलीत श्वास बघत बसले होते. मधे एकच भिंत, आणि त्या भिंतीत वर एक झरोका, ज्याची काच कधीच निखळून पडली आहे. त्या झरोक्यातून इकडचं सगळं तिकडे ऐकू जातं. यांच्या चष्म्याची डबी मिटल्याचा आवाजसुद्धा मला नळ चालू असताना कळतो. पाय साबणावरून सरकला, आधी बादली कलंडली, मग मी. अंगात आत कुठेतरी, जाड कापडाच्या चार पदरांत मशीनची सुई मोडते तसा आवाज झाला. दुखणं जरा उशिराने आलं, जिने चढून दमलेल्या पाहुण्यासारखं. मी हाक मारली. मग जोरात मारली. तिसऱ्यांदा जी मारली ती हाक नव्हतीच, नुसतं ओरडणं होतं, आणि ते माझ्या तोंडून येतंय हे मला ऐकून कळलं. पलीकडे काही हाललं नाही. घरात कोणी नाही असंच मला वाटलं असतं, पण तेवढ्यात पलीकडून एक लांब, शिस्तीत सोडलेला श्वास ऐकू आला. मी तशीच पडून राहिले. बेसिनच्या बुडाशी प्लंबरने लिंपलेल्या पांढऱ्या सिमेंटमध्ये त्याच्या अंगठ्याचा ठसा उमटलेला होता. इतकी वर्षं या घरात काढून तो मी पहिल्यांदा पाहत होते. ओली साडी गार पडत गेली. मग यांच्या घड्याळाची ती मंजुळ घंटी वाजली, गुडघे वाजले, आसनाची घडी झाली, आणि हे दारात आले.

“पडलीस?” यांनी विचारलं. आवाज इतका मायेचा की मला वाटलं, झोप लागली असेल यांना, किंवा कानांनी दगा दिला असेल. यांनी मला उचलायची घाई केली नाही. डोक्याखाली टॉवेल सारला, अंगावर चादर घातली, अँब्युलन्सला फोन करून पत्ता, मजला, गाडी कुठे लावायची हे एकेक शब्द सुटा करून सांगितलं. मग माझ्याजवळ ओल्या फरशीवर बसले आणि माझा हात हातात घेतला.

“हाक ऐकू नाही आली?” मी विचारलं.

“आली की. पहिलीच ऐकू आली.”

“मग?”

“उठावंसं वाटलं. फार वाटलं अगं. छातीत इथे घट्ट गोळा झाला, मांड्या आपोआप सुटायला लागल्या. पण निश्चयाची बैठक होती. मग ते सगळं नुसतं बघत राहिलो. आणि गेलं! आपलं आपण विरून गेलं. आयुष्यात पहिल्यांदा.”

मी आयुष्यभर मुलींच्या शाळेत शिवण शिकवलं. पहिल्यांदा सरळ टीप आली की पोरी धावत यायच्या आणि कापड माझ्या नाकाशी धरायच्या. चेहऱ्यावर लाज आणि आनंद एकदमच. यांचा चेहरा तसा होता. मी ‘बरं केलंत’ म्हणावं असं हवं होतं यांना. मी फरशीवर पडले होते आणि माझ्याकडून शाबासकी हवी होती.

निश्चयाची बैठक म्हणजे काय ते सांगायला हवं. रोजच्या बैठकीत माणूस पाय हलवू शकतो, डोळे उघडू शकतो, कंटाळला तर उठूही शकतो. निश्चयाच्या बैठकीत आधीच मनाशी ठरवायचं, की घंटी होईपर्यंत हात, पाय, डोळे यांतलं काही हलणार नाही. माशी बसली तर बसली. पायाला मुंग्या आल्या तर त्या बघायच्या. तोवर कोणी मुंग्यांच्या पुढे गेलं नव्हतं. हे बायकोपर्यंत गेले.

आणि हे कोण, तर आयुष्यभर फोनच्या घंटीला उठलेला माणूस. लोकांच्या डोळ्यांपुढे आगीचा बंब म्हटलं की शिडीवर चढलेला गडी येतो. पण त्याच्या आधी एक माणूस खुर्चीवर बसून फोन उचलतो, तो हे. घंटी दुसऱ्यांदा वाजू द्यायची नाही अशी तिथली रीत. उचलायचं, ऐकायचं, आणि खरं का खोटं ते तिथल्या तिथे ठरवायचं, कारण त्या फोनवर पोरं चेष्टा करत, दारुडे शिव्या घालत, एखादं माणूस नुसतंच गप्प राही. खाजगी बोलणं तर अजिबात चालत नसे. घरचा माणूस असला तरी “लाइन मोकळी ठेवा” म्हणून फोन ठेवायचा. ती घंटी यांच्या हाडांत शिरली होती. घरी कुकरची शिट्टी झाली तरी हे अर्धे उठलेले असत. दारावर कोणी टकटक केली की हातातला घास ताटात पडे. आमच्या लग्नानंतर एकदा मशीनची सुई माझ्या बोटात आरपार गेली. मी अजून ओरडलेही नव्हते, तोवर हे दाढीचा साबण तसाच गालावर घेऊन धावत आले होते. “आंधळी आहेस का? मरायचंय का तुला? कुठल्या गाढवाने तुला मास्तरीण केलं?” असं तोंडाने चाललेलं, आणि हाताने सुई काढणं, रक्त दाबणं, चिंधी बांधणं. हात थरथरत होते. माझ्या बोटापेक्षा तेच मला जास्त आठवतात, ते हात. अशा शिव्या मला पुढे खूप मिळाल्या. जिन्यावरून घसरले तेव्हा, बस चुकली तेव्हा, पोराचा ताप चढला तेव्हा. शेजारीण म्हणायची, “तुमचे हे फार तापट बाई.” मी मान डोलवायची. तिला काय सांगणार, की तिचा नवरा कधी ओरडत नाही याची मला तिच्यासाठी कीव येते म्हणून.

निवृत्त झाल्यावर घंटी संपली, पण हाडांतली संपली नाही. हे झोपेनात. दुपारी सोफ्यावर डोळा लागला की दचकून उठून हात पुढे करत, नसलेला फोन उचलायला. सून आली की हसायची, “बाबा, दूध उतू गेलं, बंब पाठवा.” हेही हसायचे, पण मान लटलटायला लागली होती. मग एक दाढ दुखायला लागली म्हणून दातांच्या डॉक्टरकडे गेले. हा डॉक्टर म्हातारा, अविवाहित, बोलायला गोड. दाढ उपटताना यांना म्हणाला, “दुखणं तुमचं नाही. नुसतं बघा.” माझ्या मते दातांचे सगळेच डॉक्टर काहीतरी असंच म्हणत असतात, दुखणं त्यांचं नसतं म्हणून. पण यांनी बघितलं, आणि म्हणे खरंच दुखलं नाही. दाढ तिथे राहिली आणि डॉक्टर आमच्या घरी आला. त्याच्याकडे ध्यान शिकणारी पाच-सात माणसं रविवारी सकाळी आमच्याच हॉलमध्ये बसायला लागली, कारण आमचा हॉल शांत. मी चहा करायची. खोटं कशाला बोलू, पहिल्या पहिल्यांदा मला बरंच वाटलं. मान लटलटायची थांबली. हे झोपायला लागले. कुकरच्या शिट्टीला पानावरून नजर उचलेनात. मग हळूहळू ओरडणं गेलं. मुलाशी वाद गेले. माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवणं गेलं, आणि त्याबरोबर त्याची चवही गेली असावी, कारण काहीही वाढलं तरी हे “छान” म्हणत. मुलगा दुसऱ्या शहरातून फोनवर म्हणायचा, “आई, बाबा केवढे बदललेत! तुला लॉटरीच लागली.” मी म्हणायची, हो रे बाबा.

खुब्याचं हाड मोडलं होतं. त्यात धातूचा खिळा घातला आणि मला घरी आणून हॉलमध्ये खिडकीशी निजवलं. यांनी माझं जे केलं ते एखाद्या लेकीनेही केलं नसतं. अंग पुसणं, केस विंचरणं, पॉट देणं, पॉट धुणं. नाक मुरडलं नाही, कपाळाला आठी नाही. सगळं ठरल्या वेळी. कुंड्यांना पाणी घातल्यासारखे हे माझ्याकडे येत, आणि कुंडी जशी हाक मारत नाही तशीच मीही मारू नये असं काहीतरी त्या येण्यात होतं. मी मारून पाहिली. तहान लागली म्हणून मारली, उगीच मारली, पाय खरंच वळला तेव्हा मारली. हातातलं संपलं की हे येत. धावत कधी नाही. पाय वळल्याच्या हाकेला आले तेव्हा दारावर टांगलेल्या फडक्याला हात पुसत आले, आणि शेवटचं बोट पुसून झाल्यावर म्हणाले, “बोल.” तेव्हापासून पडल्या पडल्या माझ्या मनात एकच चालू झालं. पुन्हा काही झालं तर हा माणूस येईल का, हे नव्हे. आज ना उद्या येईलच की, घंटी झाल्यावर. एवढंच, की माझ्यासाठी याच्या पोटात एकदा तरी धस्स होईल का. मरायच्या आत मला ते एकदा पाहायचं होतं. पाणी मागावं तसं साधं मागणं वाटत होतं ते.

रविवारी सगळे आले. मी हॉलमध्ये असल्यामुळे ते आतल्या खोलीत बसले, दार उघडं ठेवून. बैठक झाल्यावर प्रत्येकाने आपापला अनुभव सांगायचा अशी त्यांच्यात पद्धत. एकाला मांडीत उजेड दिसला होता. एका बाईंना सासूचा राग येईनासा झाला होता, आणि तोवर सासू वारल्यावरही तो यायचा हे विशेष. मग यांनी सांगितलं. बादलीचा आवाज, माझी पहिली हाक, दुसरी, तिसरी, छातीतला गोळा, गोळ्याचं विरणं. किती सुरेख सांगितलं! मी स्वतः गोष्ट ऐकत असल्यासारखी पडून होते. सांगून झाल्यावर आत इतकी शांतता पसरली, की मला त्यांचे सगळ्यांचे श्वास ऐकू आले. त्या बाई हळूच म्हणाल्या, “धन्य आहे हो तुमची.” डॉक्टर जरा खाकरला. मग म्हणाला, “हं. पुढे चला.”

निघताना तो माझ्या पलंगापाशी थांबला. बाकीचे चपला घालत होते.

“दुखतं का फार?” त्याने विचारलं.

“बघते आहे,” मी म्हटलं.

तो ओशाळला. माणूस वाईट नव्हता. वाकून खालच्या आवाजात म्हणाला, “उठायला हवं होतं त्यांनी. आमच्याकडे बसायच्या आधी पहिली गोष्ट तीच शिकवतात. वागणं आधी, बसणं नंतर. दुसऱ्याला इजा करायची नाही, मगच डोळे मिटायचे.”

“इजा कुठे केली त्यांनी? मी आपली आपण पडले.”

“तसं नव्हे हो...”

“मग आत सगळ्यांसमोर का नाही बोललात?”

त्याने दाराकडे पाहिलं. हे एकेकाला नमस्कार करत होते, चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ. “फार कष्टाने इथवर आलेत ते,” डॉक्टर म्हणाला. “साधनेला धक्का बसला असता.”

मी म्हटलं, “खरंच की. जपायला हवं.” आणि त्याला चहा हवाय का विचारलं, जणू मी उठून करणारच होते.

आम्हाला दोन मुलं. थोरला तो दुसऱ्या शहरात असतो तो. धाकटी मुलगी होती, ती शाळेत जायच्या आधीच गेली. ताप मेंदूत गेला असं म्हणाले. त्या दिवशी लाकडाच्या एका वखारीला मोठी आग लागली होती आणि यांना फोनवरून उठायची सोय नव्हती. मी इस्पितळात तिच्याजवळ लोखंडी स्टुलावर बसले होते. ती सकाळपासून झोपेत होती. केसांना घामाचा तो गोडसर वास, डाव्या मुठीत माझ्या पदराचं टोक. भिंतीला अर्ध्यापर्यंत हिरवा तेलरंग होता आणि त्याच्यावरून ऊन सरकत होतं. मी स्टुलावरून उठलेच नाही. उठले तर पदर सुटेल. ती जागी झाली नाही, काही बोलली नाही. ऊन पलंगाच्या पायापर्यंत आलं तेव्हा नर्स मला म्हणाली, “बाई, आता पदर सोडवून घ्या.” हे आले तेव्हा अंगाला धुराचा वास येत होता, आगीजवळही न गेलेल्या माणसाच्या. दारातच विचारलं, “काही म्हणाली का? मला बोलवलं का तिने?” मी म्हटलं, नाही, झोपेतच गेली. खरं तेच सांगितलं. हे तिथेच खाली बसले आणि डोकं भिंतीवर आपटायला लागले, हळू नव्हे. नंतर कितीतरी वर्षं मधूनच विचारायचे. मी भाजी निवडत असायची, किंवा काज करत असायची, आणि हे मागून, “खरंच नाही ना बोलवलं तिने?” नाही हो, मी म्हणायची. ते ‘नाही’ धरून यांनी ती वर्षं काढली. मला ठाऊक होतं. माझ्याच हातून ते घेत होते रोज.

त्या रविवारी दुपारी हे मला चमच्याने मऊ भात भरवत होते. बाहेर कुठेतरी रस्ता खणत होते, त्याचा धडधडाट चालू होता. यांचा हात एकदाही हलला नाही. मी विचारलं, “धाकटीची आठवण येते का हो कधी?”

“येते की. येते, थांबते, जाते.” चमचा भरला. “आता दुखत नाही.”

“अजिबात?”

“अजिबात. इथे एक धोंडा होता इतकी वर्षं. गेला तो. डॉक्टरांचे उपकार. आ कर.”

मी आ केला. भात गिळला. माझ्या हाकेचं विरणं मी एक वेळ चालवून घेतलं असतं. बायको काय, जुनं फर्निचर. पण धाकटीचंही? तो धोंडा आम्हा दोघांचा होता, आमच्या घरातली तेवढी एकच वस्तू आम्ही दोघांनी मिळून वाहिलेली. आणि हे आपलं टोक सोडून, मला न सांगता, हात झटकून मोकळे झाले होते. मी तोंड पुसलं आणि म्हटलं, “मी फोन केला होता तुम्हाला. त्या दुपारी.”

“कुठल्या?”

“ती गेली त्या. ती जागी झाली होती. बाबांना बोलाव म्हणाली. सारखी म्हणत होती. मी खाली जाऊन नंबर फिरवला. तुम्हीच उचललात.”

चमचा वाटीत राहिला. मी यांच्याकडे पाहत होते. बोलणं सोपं होतं. धावदोरा घालताना सुई आपोआप पुढे जाते तसं. “माझ्या तोंडून धड शब्द फुटेना. तुम्ही म्हणालात, लाइन मोकळी ठेवा. आणि ठेवून दिलात. मी वर आले तोवर संपलं होतं.”

“तू म्हणालीस झोपेत गेली.”

“म्हणाले.”

“इतकी वर्षं म्हणालीस.”

“काय करणार? तुमच्याकडे बघवत नव्हतं. आता तुम्हाला दुखत नाही म्हणता, म्हणून सांगितलं.”

यांनी वाटी खाली ठेवली. माझ्या हनुवटीखालचा नॅपकिन काढला, घडी घातली, घडीवर घडी घातली, घालायला काही उरेना तोवर घातली. मग आतल्या खोलीत गेले. आसन टाकल्याचं ऐकू आलं. मी उशीवर मान टेकून वाट पाहत राहिले. घंटीच्या आधी हे बाहेर आले. असं कधीच झालं नव्हतं. दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले आणि म्हणाले, “एक फोन आला होता.”

मला कळलं नाही.

“त्या दुपारी. वखारीचे फोन चालले होते, त्यातच. एक बाई. रडत होती का धापा टाकत होती... मी विचारलं, कुठून बोलताय? पत्ता सांगा. बोलेचना. मला वाटलं नेहमीचं काहीतरी, चेष्टा. मी ठेवला. नंतर तिचं घर जळलं असेल का म्हणून महिनाभर पेपर वाचत होतो. कोणाला बोललो नाही. फक्त डॉक्टरला बोललो. तो म्हणाला, बघा, जाईल.” मान लटलटायला लागली होती. “तू होतीस ती.”

मी नव्हते. मी स्टुलावर होते, तिच्या मुठीत माझा पदर होता. कुठलीशी एक बाई, कुठल्याशा घरातून, तिने काय पाहिलं असेल, तिचं काय झालं असेल. मी अंधारात हात घातला होता आणि तो नेमका कोणाच्या तरी हातावर पडला होता. त्याच वेळी म्हणता आलं असतं, छे हो, मी उगाच बोलले. तोंडापर्यंत आलंही. मी ते येताना पाहिलं, आणि जाताना.

त्या दिवसापासून हे बसले नाहीत. म्हणजे बसत, पण लगेच उठत. झोप गेली. कुकरची शिट्टी झाली की दारापर्यंत जाऊन परत येत. आणि मी! मी नुसती कूस बदलायची, पलंग करकरायचा, आणि हे समोर. “काय? काय झालं? पडतेस का आता?” एकदा मी वॉकर धरून एकटीच उठले, तर स्वयंपाकघरातून काहीतरी फुटल्याचा आवाज झाला आणि हे पिठाच्या हातांनी धावत आले. “अक्कल गहाण टाकलीस का? दुसरा खुबाही मोडून घे म्हणजे सुटलो!” मी यांच्या हातांकडे पाहिलं. थरथरत होते. माझ्या खांद्यावर पिठाचे पंजे उमटले. ते पुसू दिले नाहीत मी दिवसभर. मधूनच हे पलंगाशी येऊन विचारायचे, कशी म्हणाली? बाबा म्हणाली की बाबांना? डोळे उघडे होते का तिचे? मी सांगायची. प्रत्येक वेळी एखादा टाका जास्त. उघडे होते. दाराकडे बघत होती. हे ऐकत, ओठ हलवत, आणि जात. थोड्या वेळाने पुन्हा येत. इतक्या वर्षांत आम्ही धाकटीबद्दल इतकं बोललो नव्हतो. मला तिचा घामाचा वास पुन्हा यायला लागला. सुख म्हणतात ते याहून वेगळं काय असेल, मला सांगता येणार नाही.

डॉक्टर आला. रविवारची मंडळी आता त्याच्या दवाखान्यात जमत. यांच्याकडे पाहून तो दचकला. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं एक सोडून एक लावलेली. आत जाऊन यांच्याशी बराच वेळ बोलला, बाहेर आला तेव्हा त्याचाच श्वास लागला होता.

“तुम्हाला काही माहीत आहे का?” त्याने मला विचारलं. “काय झालं यांना?”

“त्यांनाच विचारा.”

“ते म्हणतात, जे केलं ते बघून जात नाही. ते म्हणतात, मी त्यांना फसवलं.” तो खुर्चीच्या कडेवर बसला. दातांकडे बघायची सवय असलेला माणूस, माझ्या तोंडाकडेच बघत होता. “वहिनी, हे असं नाही टिकायचे. काही असेल तर सांगा. तुमच्या एका शब्दाने सुटतील, असं मला वाटतं.”

“साधनेला धक्का बसेल,” मी म्हटलं.

तो उठला. दार त्याने लोटून घेतलं, पण पुरतं लागलं नाही.

हे मागे उभे होते. कधीपासून, कोण जाणे. येऊन माझ्या पायांशी पलंगावर बसले. बराच वेळ माझ्या पायांवरची चादर सारखी करत राहिले, सारखी असलेली. मग म्हणाले, “एक गोष्ट मी तुला सांगितली नाही.”

“कोणती?”

“ती बाई अगदी गप्प नव्हती. मी फोन ठेवायच्या आधी ती एक शब्द बोलली होती. एकच. मी तो कोणाला सांगितलेला नाही. डॉक्टरलाही नाही.” यांनी वर पाहिलं. त्या नजरेत यांनी सगळं आणून ठेवलं होतं, आणि लपवायचं भान नव्हतं. “तू काय बोलली होतीस?”

मला समजलं. चुकीचा शब्द निघाला की हे सुटणार होते. तीच आशा धरून बसले होते. मी खोटं बोलले असेन, अशी आशा. इतकी वर्षं मी खरं बोलले म्हणून जगलेला माणूस आता मी खोटी निघावी म्हणून माझ्या तोंडाकडे बघत होता. मी काहीही म्हणू शकत होते. वाचवा. बाळ. देवा. शंभर शब्द होते, आणि एक सोडला तर बाकी सगळ्यांच्या पलीकडे यांची झोप होती, भात भरवणारा तो स्थिर हात होता, दुपारची ती शांत वेळ होती. आणि एक शब्द असा, की कुठल्याही भागातली, कुठल्याही वयाची, घाबरलेली बाई अनोळखी पुरुषाला फोनवर आधी तोच म्हणेल, आणि आपल्या नवऱ्यालाही तोच. मी विचारही केला नाही. विचार थांबला होता. रस्ता खणायचं कधीच संपलं होतं. ऊन चादरीवर होतं. श्वास आत गेला, तो गेल्याचं मला कळलं. बाहेर आला, तो आल्याचं कळलं. मला काही नको होतं, कशाची भीती नव्हती, मागचं काही नव्हतं, पुढचं काही नव्हतं. डॉक्टर ज्या जागेबद्दल सांगायचा आणि पाच-सात माणसं रविवारी डोळे मिटून जी शोधायची, ती मला वाटतं हीच असावी. किती स्वच्छ होती.

“नुसतं ‘अहो’ म्हणाले,” मी म्हटलं.

हे बसल्या जागी लहान झाले. दोन्ही हात मांडीवर उपडे पडले होते, फोन ठेवून दिल्यावर पडतात तसे. मग उठून भिंतीला धरत धरत आतल्या खोलीत गेले. मी थोडा वेळ जाऊ दिला. आतून काही ऐकू येत नव्हतं, श्वाससुद्धा नाही. मी हाक मारली.

हे धावत आले. उंबऱ्याला पाय लागला, तोल गेला, तसेच आले, डोळे फाटलेले, तोंड उघडं.

“काय झालं? काय हवंय?”

“काही नाही,” मी म्हटलं.